पालकांच्या अभिमानाचे मोल

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या चौकांत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. कोणाच्या तरी चिरंजीवांचे छायाचित्र, त्याखाली ठळक आकड्यांत टक्केवारी आणि त्याहीखाली शुभेच्छुकांची नामावली, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. घरोघर पेढे वाटले जातात, आप्तेष्टांचे फोन येतात, शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत तेच छायाचित्र पुन्हा छापले जाते. ज्या घरात वर्षभर दूरचित्रवाणीचा संच बंद राहिला, पाहुण्यांना 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' असे आडून सुचवावे लागले, त्या घराला हा आनंद भोगण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलगा आईवडिलांच्या डोळ्यांदेखत वाढत असतो. त्या पाचसहा वर्षांत ऊर भरून यावा असे प्रसंग केवळ उत्तरपत्रिकांतूनच निर्माण होतात काय, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

प्रश्न भावनेचा वाटला तरी त्याला अर्थशास्त्राची एक बाजू आहे. बाजारात वस्तूची किंमत म्हणजे नुसती देवघेवीची रक्कम नव्हे. ती उत्पादकाला मिळालेली सूचना असते. कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात कांद्याखालचे क्षेत्र वाढते. भाव कोसळला की तीच जमीन दुसऱ्या पिकाकडे जाते. घरात असा रोखीचा व्यवहार नसतो. तेथले चलन निराळे असते. आईच्या चेहऱ्यावरचे समाधान, वडिलांनी चारचौघांत काढलेला एखादा उद्गार, आजीने शेजारणीला सांगितलेली नातवाची गोष्ट हे ते चलन होय. मिसरूड फुटू लागलेला मुलगा वरवर बेफिकीर दिसतो, उलट उत्तरे देतो, वडिलांशी बोलायचे टाळतो. परंतु आपल्याविषयी पाहुण्यांना काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, याची नोंद तो व्यापाऱ्याने बाजारभाव टिपावेत तितक्या बारकाईने ठेवीत असतो. ज्याचे कौतुक होते त्याचे पीक वाढते. म्हणून पालकांचा अभिमान ही केवळ खासगी भावना उरत नाही. ते त्या घराचे धोरण ठरते.

धोरण म्हटले की ते तपासण्याची कसोटीही आली. दिवाबत्ती, साथीच्या रोगांचे निवारण, सार्वजनिक रस्ते या गोष्टी नफ्यासाठी चालणारा बाजार पुरेशा प्रमाणात पुरवीत नाही, म्हणून त्यांवर सरकारने पैसा खर्च करावा, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही आढळणारे तत्त्व आहे. बाजार जे स्वतःहून देतो त्यावर सरकारी तिजोरी रिती करणे हा शहाणपणा नव्हे. घरालाही हेच तत्त्व लागू पडते. मुलाच्या गुणांची किंमत बाहेरचे जग आधीच चोख मोजते. महाविद्यालयातला प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, पुढे लग्नाच्या बाजारातला भाव ही सारी त्या गुणांचीच वसुली आहे. ज्या गोष्टींना बाहेर गिऱ्हाईक नाही, त्यांना घरातही दाद मिळाली नाही, तर त्या पिकणार कोठे?

गुणांच्या अभिमानात आणखीही एक अडचण आहे. फ्रेड हिर्श या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सोशल लिमिट्स टू ग्रोथ' या ग्रंथात काही सुखांचे मोल स्थानावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले. अशी वस्तू सर्वांना मिळाली की कोणालाच मिळाल्यासारखी राहत नाही. रॉकेलच्या रांगेत लोक पहाटे सहाऐवजी पाचला येऊन उभे राहू लागले, तर दुकानातले रॉकेल वाढत नाही. फक्त सर्वांची तासभर झोप जाते. परीक्षेतला क्रमांक ही अशीच वस्तू आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम. बी. बी. एस.च्या जागा मात्र देशभर मिळून लाखाहून थोड्याच अधिक होत्या. त्या वर्षी जूनमध्ये प्रथम जाहीर झालेल्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ विद्यार्थी निघाले. पुढे वाद न्यायालयात गेला, निकाल सुधारला आणि ही संख्या १७ वर आली. पैकीच्या पैकी गुणही जेथे पहिल्या क्रमांकाची हमी देत नाहीत, तेथे चलनवाढ झाली आहे असे म्हणणे वावगे ठरणार नाही. चलनवाढीत नोटांची चळत उंचावते, पिशवीतला बाजार तेवढाच राहतो. ज्या घराने आपला सगळा अभिमान या एकाच चलनात गुंतवला, त्या घरातल्या ९२ टक्के मिळवलेल्या मुलाच्याही पदरी मग वडिलांचा सुस्कारा येतो.

हा सुस्कारा निरुपद्रवी नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या सर्वांचे कारण परीक्षा हेच होते असे नव्हे, आणि आईवडिलांना दोषी धरून मोकळे होणे हा तर क्रूरपणा होईल. तथापि, आपले घरातले स्थान गुणपत्रिकेवर अवलंबून आहे अशी समजूत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची होऊ नये, एवढी दक्षता घेणे कोणत्याही पालकाच्या आवाक्यात आहे.

मग पालक गुणांनाच का कवटाळतात? केवळ लोभापायी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुण मोजता येतात, हे त्याचे मोठे कारण आहे. टक्केवारी एका आकड्यात सांगता येते, शेजाऱ्याच्या मुलाशी ताडून पाहता येते. खरेपणाची टक्केवारी निघत नाही. आजोबांशी सबुरीने वागण्याची गुणपत्रिका मिळत नाही. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली एका निबंधात याच अडचणीचे विश्लेषण केले. एखाद्या माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतल्या मोजता येणाऱ्या कामालाच मोबदला जोडला, तर न मोजता येणाऱ्या कामांकडे तो हळूहळू पाठ फिरवतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यांनी विचार केला तो कारखान्यांचा आणि कचेऱ्यांचा. परंतु महाराष्ट्रातल्या दहावीच्या घराचे वर्णनही यापेक्षा नेमके करता येणार नाही. 'तू फक्त अभ्यास कर, बाकी काही पाहू नकोस' हे वाक्य ज्या घरात प्रेमाने उच्चारले जाते, तेथे मुलगा 'बाकी काही' न पाहण्यात खरोखरच तरबेज होतो.

या 'बाकी काही'चा पहिला मोठा भाग म्हणजे घरकाम. पिगू यांनी 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या १९२० च्या ग्रंथात एक विसंगती दाखवून दिली होती. पगारी घरकाम करणाऱ्या बाईशीच मालकाने लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटलेले दिसते. घरातले श्रम हिशेबाबाहेर राहतात, ते असे. त्यांचा अंदाज घेण्यासाठी आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशव्यापी वेळवापर पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. शिवाय मुळात असे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्के, तर पुरुषांचे अवघे २६ टक्के होते. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली. पुरुषांची मात्र वाढण्याऐवजी ८८ पर्यंत घसरली. या पुरुषांपैकी बहुतेकांचे कुमारवय अशाच घरांत गेले असणार, जेथे ताट उचलून ठेवणे हे बहिणीचे काम होते आणि परीक्षेत पहिले येणे हे भावाचे.

मराठी वाचकाला याविरुद्धचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' डोळ्यांतल्या पाण्यासाठीच अधिक आठवली जाते. वस्तुतः ते मुलग्याच्या शिक्षणाचे मोठे व्यवहारी पुस्तक आहे. त्यातला श्याम पत्रावळ लावायला शिकतो, घरातली कामे करतो, आणि त्यातल्या एका प्रकरणाचे नावच 'अर्धनारी नटेश्वर' असे आहे. अळणी भाजीचा प्रसंगही याच जातीचा आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न बोलता ती खातात आणि ते पाहून मुलेही खातात. रांधणाऱ्या माणसाचे मन राखावे, हा धडा त्या मुलांना वडिलांच्या वागण्यातून मिळाला. ताटावरून गुरकावणाऱ्या वडिलांचा मुलगा पुढे स्वतःच्या संसारात काय करील, याचे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. आई तापाने फणफणली असता पंधरा वर्षांच्या मुलाने खिचडी टाकली, आजोबांना हात धरून न्हाणीघरापर्यंत नेले, धाकट्या भावंडाचा डबा भरला, तर आईवडिलांना समाधान वाटणे योग्यच आहे. परंतु त्याच घरातली तेरा वर्षांची मुलगी हेच काम रोज करीत असेल आणि तिची कोणी दखलही घेत नसेल, तर मुलाच्या एका दिवसाच्या खिचडीचा गावभर गाजावाजा हा तिच्यावर अन्याय ठरतो. शिवाय मुलाला त्यातून उलटाच धडा मिळतो. हे आपले कर्तव्य नसून उपकार आहे, असे तो समजू लागतो. अशा प्रसंगी दाद द्यावी ती शांतपणे, आणि घरातल्या मुलीला दिली जाते तेवढीच.

दुसरा भाग आहे चूक कबूल करण्याचा. चूक करणे हा त्या वयाचा स्वभाव आहे. कबूल करणे हा संस्कार आहे. मोहनदास गांधी या राजकोटच्या पंधरा वर्षांच्या मुलाने भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला होता. मन खाऊ लागले, तेव्हा त्याने चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली आणि शिक्षा मागितली. करमचंद गांधींनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. हा मुलगा शाळेत चमकणाऱ्यांतला नव्हता. शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर एका इंग्रजी शब्दाचे वर्णलेखन त्याला जमले नाही, आणि शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिही अशी शिक्षकांनी पायाने केलेली खूणही त्याला उमगली नाही. वर्गातला एकटा तोच चुकला. त्या दिवशी कोणत्याही बापाला अभिमान वाटावा असे गुणपत्रिकेत काही नव्हते. तरीही आपण गुन्हा सांगितला तर वडील ऐकून घेतील, एवढा भरवसा ज्या घराने मुलाच्या मनात निर्माण केला होता, त्या घराची पुंजी लहान म्हणता येणार नाही.

याच्या अगदी उलट प्रकारचा अभिमान आज रस्तोरस्ती दिसतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांची मोटारसायकल भरधाव चालवतो आणि वडील ते मित्रमंडळीत कौतुकाने सांगतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा अल्पवयीन मुलाच्या अपराधाबद्दल पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद केली. संसदेला ती करावी लागली, कारण अनेक घरांत कायदा मोडण्याचे धाडस हेच मर्दुमकीचे लक्षण मानले जात होते. पोलिसाला चुकवून घरी आलेल्या मुलाच्या पाठीवर ज्या दिवशी शाबासकीची थाप पडते, त्या दिवशी घराने किंमत लावलेली असते; ती कशाला लावली, हे पुढे एखाद्या अपघातानंतर कळते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. ज्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, बाप ऊसतोडीला जातो, आई चार घरची भांडी घासते, त्या घराला गुणांचा अभिमान बाळगू नका असे सांगणे हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान नव्हे काय? आक्षेप खरा आहे. त्या घराला परीक्षा ही एकच शिडी उपलब्ध आहे आणि ती चढणाऱ्या मुलाचा अभिमान त्यांनी नाही बाळगायचा तर कोणी? परंतु शिडी आणि श्रम यांत वैर नाही, हे याच महाराष्ट्राने पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपण करीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. 'कमवा आणि शिका' ही योजना त्याच परंपरेत वाढली. खोरे हाती धरणारा विद्यार्थी अभ्यासात मागे पडतो, हा समज त्या मुलांनी खोटा ठरवला. किंबहुना गरिबाच्या घरात मुलाचे श्रम आणि मुलाचे गुण यांचा अभिमान एकाच वेळी बाळगला जातो. अभ्यासाच्या नावाखाली मुलाला परावलंबी करण्याची चैन परवडते ती मध्यमवर्गालाच.

अभिमानाला काळाचेही एक परिमाण आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या वर्षीचा सर्वांत मोठा फलक त्यांचाच लागला असता. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कार्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, खटले सोसले, दंड भरले. समाजाच्या दृष्टीने तो एका हुशार मुलाने स्वतःच्या हाताने केलेला आयुष्याचा नाश होता. आज त्यांचा मॅट्रिकचा क्रमांक चरित्रकारांपुरता उरला आहे. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो नोकरी गेली तरी न सोडलेल्या कामासाठी. मुलाच्या सतराव्या वर्षी आईवडिलांना जे अभिमानास्पद वाटते, तेच त्याच्या साठाव्या वर्षी वाटेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पहिल्या क्रमांकाला टाळ्या लगेच मिळतात. आपल्याला पटलेले धरून ठेवण्याच्या बळाला त्या मिळतातच असे नाही, आणि ते बळ घरानेच कधीतरी ओळखलेले असावे लागते.

अशा ओळखीचे प्रसंग दुर्मिळ नसतात. किराणा दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे परत करायला मुलगा उन्हात माघारी जातो. वर्गातल्या मुलीची टवाळी करणारे छायाचित्र मित्रांच्या मोबाइलवर फिरत असता, तो ते पुढे पाठवीत नाही आणि इतरांनाही तसे बजावतो. चाचणीत नापास झाल्याचे शिक्षकांकडून कळण्यापूर्वी तो स्वतःच घरी सांगतो. हरलेल्या सामन्यानंतर पंचांच्या नावाने बोटे न मोडता तो जिंकणाऱ्याशी हस्तांदोलन करतो. यांतल्या एकाही कृतीला साक्षीदार असतोच असे नाही, आणि म्हणूनच ती पाहण्यासाठी पालकांना किंमत मोजावी लागते. ती पैशाची नसून वेळेची असते. शिकवणीचे शुल्क भरले की गुणांची जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येते. मुलाचे वागणे पाहण्याचे काम मात्र कोणालाही कंत्राटाने देता येत नाही.

शाळांनाही येथे थोडे करता येईल. वार्षिक पारितोषिक समारंभात पहिल्या तिघांची नावे पुकारण्यात गैर काही नाही. परंतु वर्षभर वर्गातल्या अपंग सोबत्याचे दप्तर वाहणाऱ्या मुलाचे नाव वर्गशिक्षकांना ठाऊक असते. त्याला व्यासपीठावर बोलावले, तर त्याच्या कृतीचाही बाजार मांडला जाण्याची भीती आहे. त्यापेक्षा शिक्षकांनी त्याच्या आईवडिलांना भेटून दोन वाक्ये सांगावीत. गुणपत्रिकेवर सही करायला शाळेत आलेल्या वडिलांना आपल्या मुलाविषयी आकड्यांव्यतिरिक्त काही ऐकायला मिळाले, असे किती वेळा घडते?

सोळावे वर्ष लागले की पुत्राला मित्रासारखे वागवावे, असे आपल्याकडचे जुने सुभाषित सांगते. मित्राला आपण त्याच्या गुणांची टक्केवारी विचारून मित्र मानीत नाही. तो अडचणीत उभा राहतो का, शब्द पाळतो का, पाठीमागे कसा बोलतो, हे पाहतो. मुलाकडे याच नजरेने पाहण्याची सवय आईवडिलांनी लावून घेतली, तर त्यांना अभिमानाचे प्रसंग शोधत निकालाच्या दिवसाची वाट पाहावी लागणार नाही. आज तेरा ते अठरा वर्षांची असलेली ही मुले आणखी वीस वर्षांनी कोणाचे पती, कोणाचे वडील, कोणाचे वरिष्ठ आणि आजच्या पालकांचे म्हातारपणचे सोबती असतील. त्यांना तेव्हा कोणी गुणपत्रिका मागणार नाही. औषधाची वेळ लक्षात ठेवणारा, भाजीत मीठ नसले तरी न रागावणारा आणि चुकलो तर 'चुकलो' म्हणणारा माणूस तेव्हा घराला हवा असेल. तो हवा असेल, तर त्याची मागणी आजच नोंदवायला हवी.